मोजल्याशिवाय विकू नका : बिनटाक्याच्या सुंतेबद्दल सर्जन मंडळींना खुले पत्र

महाराष्ट्रातील जनरल सर्जन, युरॉलॉजिस्ट आणि वैद्यकीय महाविद्यालयांचे शल्यचिकित्सा विभागप्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी बावीस वर्षे सर्जरी करतो आहे. हर्निया, हायड्रोसील, मूळव्याध, अपेंडिक्स, मधुमेहाने काळी पडलेली पावले, आणि मधून मधून मोठ्या माणसाची सुंता. या शेवटच्या शस्त्रक्रियेबद्दल आपण आपसांत फार कमी बोलतो. पीजी करताना ती आपल्याला कुणी मन लावून शिकवलेली नसते. 'छोटी केस आहे, तू करून घे' असे सीनियरने सांगितले आणि आपण केली, असाच बहुतेकांचा अनुभव असेल. गेल्या काही वर्षांत मात्र या छोट्या केसभोवती मोठा बाजार उभा राहिला आहे. त्याबद्दल आज लिहितो आहे.

गेल्या पावसाळ्यात एका सोमवारी ओपीडी संपत आली असताना चौपन्न वर्षांचे एक गृहस्थ आत आले. खुर्ची दाखवली तर बसेनात. पाय फाकवून, टेबलाला हात टेकून उभेच राहिले. पत्नी दाराबाहेर थांबली होती, तिला आत बोलवू का विचारले तर मान हलवून नको म्हणाले. नऊ दिवसांपूर्वी शहरातल्या एका क्लिनिकमध्ये त्यांची सुंता झाली होती. मोबाइलवर जाहिरात पाहून ते गेले होते : लेसर, बिनटाक्याची, बिनदुखण्याची, त्याच दिवशी घरी आणि दुसऱ्या दिवशी कामावर. ड्रेसिंग सलाइनने भिजवून भिजवून काढावे लागले. खालच्या बाजूला, जिथे कातडीला लिंगाच्या टोकाशी जोडणारी बारीक वादी असते तिथे, रक्त साकळून वांग्यासारखा फुगा आला होता. वरच्या अर्ध्या भागात कातडीचे दोन काठ एकमेकांपासून सुटले होते आणि उरलेल्या अर्ध्यात बारीक पिना सुजेत बुडाल्या होत्या, काहींचे फक्त टोक दिसत होते. त्या दिवशीची साखर ३१२ निघाली. क्लिनिकच्या फाइलीत साखरेचा एकच आकडा होता, तोही तीन महिन्यांपूर्वीचा.

भूल देऊन मी एकेक पीन मॉस्किटो फोर्सेप्सने उचलत होतो आणि सिस्टरने धरलेल्या किडनी ट्रेमध्ये टाकत होतो. प्रत्येक पिनेचा बारीक आवाज व्हायचा. तीन-चार आवाज झाल्यावर गृहस्थांनी मान उचलून विचारले, "डॉक्टरसाहेब, लेसर केलं म्हणाले होते. मग ह्या पिना कुठनं आल्या?"

मी त्यांना काय सांगणार होतो? त्यांच्यावर लेसर वापरलेच गेले नव्हते. सर्क्युलर स्टेपलर वापरला होता आणि पावतीवर 'लेसर' लिहिले होते. जखम भरायला सात आठवडे लागले. त्या सात आठवड्यांत त्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नाही, त्या क्लिनिकलाही शिव्या दिल्या नाहीत. दर ड्रेसिंगला एवढेच म्हणायचे, "आधी सांगायला पाहिजे होतं."

ही एक केस घेऊन मी स्टेपलरच्या विरोधात उभा राहिलेलो नाही, हे आधीच सांगतो. स्टेपलर मी स्वतः वापरला आहे आणि चांगले निकालही पाहिले आहेत. घंटेच्या आकाराची टोपी आत बसवायची, कातडी तिच्यावर ओढून बांधायची, बाहेरचा भाग चढवून दांडी दाबायची. गोल पाते कातडी कापते आणि त्याच क्षणी पिनांची रांग दोन्ही काठ जोडते. हात बसलेल्या सर्जनला पाच-सात मिनिटे पुरतात. चीनमध्ये याचे तुलनात्मक अभ्यास बरेच झाले आहेत. शस्त्रक्रियेचा वेळ आणि रक्तस्राव नेहमीच्या पद्धतीपेक्षा कमी, असे ते एकमुखाने सांगतात. पिना रुतून राहणे आणि जास्तीचा खर्च या तक्रारीही त्यांत नोंदलेल्या आहेत, पण आपल्याकडच्या माहितीपत्रकांत तेवढा भाग येत नाही.

आणि जुनी पद्धत फार निर्दोष आहे असेही नाही. प्रॅक्टिसच्या दुसऱ्याच वर्षी, हाताने टाके घालून केलेल्या माझ्या एका रुग्णाला रात्री अडीच वाजता जीपमधून परत आणले होते. धोतर रक्ताने भिजलेले. वादीतली धमनी, फ्रेन्युलर आर्टरी, मी नीट बांधलेली नव्हती. शस्त्रक्रियेच्या वेळी भुलेच्या औषधाच्या दाबाने ती गप्प होती, रात्री उघडली. तेव्हापासून वादीतला तो टाका मी दोनदा तपासतो. तेव्हा नव्या साधनाने रक्तस्राव कमी होत असेल, टाक्यांची कटकट वाचत असेल, रुग्णाची भीती कमी होत असेल, तर ते मला हवेच आहे. माझे म्हणणे एवढेच की ते कमी होते का, कोणात होते आणि कोणात होत नाही, हे आपण आपल्या रुग्णांवर अजून मोजलेले नाही. मोजण्याआधीच विकायला मात्र सुरुवात केली आहे.

कसे मोजायचे हे जगाला ठाऊक नाही अशातला भाग नाही. प्रौढांच्या सुंतेची साधने जितक्या काटेकोरपणे तपासली गेली तितकी आपल्या ओटीतली (ऑपरेशन थिएटरमधली) फार थोडी साधने तपासली गेली असतील. ते काम आफ्रिकेत झाले. तो इतिहास थोडा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडच्या जाहिराती 'जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता' असे शब्द जिथून उचलतात तो हाच इतिहास आहे.

दक्षिण आफ्रिकेतले ऑरेंज फार्म, केनियातले किसुमू आणि युगांडातले राकाई. या तीन ठिकाणी मिळून ११ हजारांवर पुरुषांवर चाचण्या झाल्या. सुंता केल्याने पुरुषाला स्त्रीकडून एचआयव्हीची लागण होण्याचा धोका कमी होतो का, हा प्रश्न होता. ऑरेंज फार्मचा निकाल २००५ मध्ये आला, उरलेल्या दोन चाचण्यांचे २००७ मध्ये छापून आले. धोका ५० ते ६० टक्क्यांनी कमी झाला. फरक इतका स्पष्ट होता की तिन्ही चाचण्या मुदतीआधी थांबवून उरलेल्या पुरुषांनाही शस्त्रक्रिया देऊ करावी लागली. मार्च २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा एड्सविषयक कार्यक्रम यूएनएड्स यांनी शिफारस केली, ती एचआयव्हीचे प्रमाण खूप असलेल्या आणि सुंतेची प्रथा कमी असलेल्या देशांसाठी. आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागातले देश निवडले गेले. भारत त्या यादीत नाही. आपल्याकडे कुणी एचआयव्हीचे संरक्षण म्हणून ही शस्त्रक्रिया विकत असेल, तर तिथेही हे संरक्षण अर्धवट मानले जाते आणि निरोधचा वापर सोडू नका असे प्रत्येक पुरुषाला बजावले जाते, हे त्याने रुग्णाला सांगायला हवे.

मग अडचण आली हातांची. लाखो प्रौढांची सुंता करायची तर तेवढे सर्जन आणायचे कुठून? जे काम नर्स किंवा क्लिनिकल ऑफिसर (डॉक्टर नसलेला प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी) करू शकेल, ज्यात टाके नकोत, जमल्यास सुईची भूलही नको, असे काहीतरी हवे होते. दोन साधने पुढे आली. एक चिनी, शांगरिंग : प्लास्टिकच्या एकात एक बसणाऱ्या दोन कड्या, त्यांच्यामध्ये कातडी घट्ट धरायची, बाहेरची कापून टाकायची आणि आठवड्याने कड्या काढायच्या. दुसरे इस्रायली, प्रेपेक्स : आत एक कडी आणि बाहेर रबराचे वळे. वळ्याने कातडीचा रक्तपुरवठा तुटतो, ती सुकते आणि सातव्या दिवशी वळ्यासकट काढली जाते. यात बसवताना कापाकापी नाही, लावायच्या मलमापलीकडे भूलही नाही. ऐकायला स्वर्गच!

पण जागतिक आरोग्य संघटनेने त्यावर भुलून जाऊन परवानगी दिली नाही. २०१२ मध्ये तिने या साधनांच्या तपासणीची चौकटच ठरवून दिली. आधी थोड्या पुरुषांवर सुरक्षितता पाहायची. मग नेहमीच्या शस्त्रक्रियेशी समोरासमोर तुलना. मग प्रत्यक्ष ज्या दवाखान्यांत वापर होणार तिथे, ज्यांच्या हातांनी होणार त्यांच्याच हातांनी करून पाहायचे. रवांडात प्रेपेक्स नर्सेसनी बसवले आणि त्याचे निकाल वेगळे पाहिले गेले. काय मोजायचे तेही स्पष्ट होते. किती मिनिटे लागली हा त्यातला एक रकाना झाला. वेदना किती, साधन बसवताना किती आणि काढताना किती? जखम पूर्ण भरायला किती दिवस? साधन सरकले का? पुरुष ठरल्या दिवशी परत आला का? एवढे झाल्यावर प्रेपेक्सला मे २०१३ मध्ये आणि शांगरिंगला जून २०१५ मध्ये मान्यता मिळाली.

या मोजमापातून जे बाहेर आले ते जाहिरातीत मावणारे नव्हते. टाके घालून केलेल्या जखमेपेक्षा कडीची जखम भरायला थोडी जास्त वेळ घेते, कारण काठ जुळवलेले नसतात. प्रेपेक्सची सुकत चाललेली कातडी आठवडाभर अंगावरच असते, तिचा वास येतो, आणि तो कित्येकांना असह्य झाला. काहींनी वळे स्वतःच ओढून काढले, काहींचे सरकले. मग सूज इतकी चढली की तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. म्हणून जिथे हे साधन बसवायचे तिथून काही तासांत सर्जनपर्यंत पोहोचता आले पाहिजे, अशी अट आली. 'सर्जनची गरज नाही' म्हणून आणलेल्या साधनाला शेवटी सर्जन जवळ असण्याची अट!

आणि नंतर आला धनुर्वात. मेलेल्या कातडीत प्राणवायू पोहोचत नाही; धनुर्वाताच्या जंतूला हवी तशीच जागा. सुरुवातीच्या चाचण्यांत हा धोका दिसला नव्हता. वापर वाढला, देशोदेशी वाढला, तेव्हा धनुर्वाताचे रुग्ण समोर आले, काही दगावले. ते समोर आले कारण प्रत्येक गंभीर घटना वर कळवायची शिस्त आधीपासून घालून दिलेली होती. त्यानंतर कातडी जागीच सुकवणाऱ्या साधनासाठी धनुर्वाताचे पुरेसे डोस आधी पूर्ण हवेत, अशी सूचना निघाली.

आता मूळ मुद्द्यावर येतो. या सगळ्या चाचण्यांमध्ये घेतलेले पुरुष कोण होते? स्वतःहून आलेले, बहुतेक तरुण, निरोगी. ज्यांची कातडी मागे सरकत नाही, ज्यांना तिथे जखम किंवा संसर्ग आहे, त्यांना साधनाच्या अभ्यासातून बाजूला काढून सरळ शस्त्रक्रियेकडे पाठवले जात होते. प्रेपेक्ससाठी तर फायमोसिस, म्हणजे कातडी मागे न सरकणे, हेच साधन न वापरण्याचे कारण होते.

आणि आपल्या ओपीडीत कोण येते? ज्यांची कातडी मागे सरकत नाही, तेच तर येतात.

गेल्या दहा वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या या रुग्णांचा चेहरा बदलला आहे. पूर्वी लग्न ठरलेला मुलगा यायचा, सोबत मोठा भाऊ किंवा मेहुणा. आता पन्नाशीतला मधुमेही येतो, एकटाच. वर्ष-दीड वर्ष खाज, चिरा, पांढरा थर, लघवी करताना जळजळ. मेडिकलवाल्याने दिलेल्या ट्यूबा लावून झालेल्या असतात, ज्यांत स्टेरॉइड, बुरशीचे औषध आणि अँटिबायोटिक एकत्र कोंबलेले असते. कातडीच्या तोंडाशी पांढरे, घट्ट कडे तयार झालेले असते. यातले बरेच जण डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्यांवर असतात. ही औषधे उत्तम आहेत, हृदय आणि मूत्रपिंड वाचवतात, आणि पेटंट संपल्यावर स्वस्त होऊन गावोगाव पोहोचली ही चांगलीच गोष्ट झाली. पण ती साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, आणि कातडीखाली गोड ओल राहिली की बुरशी वाढते. ज्या पुरुषांची सुंता झालेली नाही त्यांच्यात हा त्रास जास्त, हे या औषधांच्या अभ्यासांतच आलेले आहे. गोळी लिहिताना फिजिशियनने दोन वाक्ये बोलली असती, रोज पाण्याने धुवा आणि कोरडे ठेवा, तर यातले काही रुग्ण माझ्यापर्यंत आलेच नसते. हा आमच्या फिजिशियन मित्रांसाठी स्वतंत्र पत्राचा विषय आहे, इथे तो एवढ्यावरच सोडतो.

अशा माणसाच्या जाड, चिरलेल्या, आतून चिकटलेल्या कातडीवर गोल पाते चालवताना ते निरोगी तरुणाच्या मऊ कातडीवर चालते तसेच चालेल, असे आपण कशाच्या भरवशावर धरून चाललो आहोत? टोपी आत जात नाही म्हणून आधी वरून चीर द्यावी लागते. मग ती चीर पिनांच्या रांगेच्या आत राहिली की बाहेर, हे कुणी पाहिले? सुजलेली कातडी पिनेच्या उंचीत मावते का? साखर तीनशेच्या घरात असताना पिनांनी धरलेले काठ किती दिवस धरून राहतात? या प्रश्नांची उत्तरे कंपनीच्या प्रतिनिधीकडे नाहीत. मी विचारली आहेत. तो बिचारा टॅबवर व्हिडिओ दाखवतो, ज्यात पंचविशीतल्या तरुणाची मऊ कातडी असते.

अजून एक गोष्ट, जिने माझी झोप खरोखर उडवली आहे. वर्षानुवर्षे घट्ट असलेल्या कातडीखाली कधी कधी कर्करोग दडलेला असतो. फायमोसिस हा त्याचा मोठा धोकादर्शक आहे, हे आपण सगळे एमबीबीएसला शिकलो. चीर देऊन, कातडी उघडून, शिश्नमुंड डोळ्यांनी पाहून मगच कापायचे, ही शिस्त जुन्या पद्धतीत आपोआप पाळली जाते. पाच मिनिटांच्या घाईत ती सुटते. कापलेली कातडी पिनांसकट दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते, पॅथॉलॉजीकडे जात नाही. लायकेन स्क्लेरोसस या त्वचारोगाचे पांढरे डाग दिसत असतानाही जात नाही! ती बाटली पाठवायला फॉर्मॅलिन सोडून लागते काय?

आणि कमीत कमी इजा करायची म्हणताना सगळ्यात कमी इजेचा मार्ग आपण यादीतच धरत नाही. साखर आटोक्यात आणणे, बुरशीचे औषध नीट कालावधीपुरते देणे, डाग किंवा व्रण नसेल तर सौम्य स्टेरॉइड मलम काही आठवडे लावून पाहणे, वादी आखूड असेल तर फक्त वादी मोकळी करणे, कातडी राखून तिचे तोंड रुंद करणे. हे सगळ्यांना लागू पडत नाही, घट्ट व्रणाचे कडे झाले की सुंताच करावी लागते. पण काहींना लागू पडते. माझ्याकडे एक शिक्षक येतात. त्यांना शहरात तारीख दिलेली होती, आगाऊ पैसेही भरून झाले होते. दोन महिन्यांच्या औषधाने त्यांची कातडी पूर्ण मागे जायला लागली. ते मला पहिल्या भेटीत हळूच म्हणाले होते, "सर, घरात कसं सांगू? लोक काय समजतील?" त्यांच्या मनात धर्माचा प्रश्न होता, ते शब्द त्यांनी उच्चारले नाहीत इतकेच. आपल्या समाजात या शस्त्रक्रियेला धर्माची खूण चिकटलेली आहे. हिंदू रुग्ण लपवतो, आणि लहानपणी राहून गेली म्हणून चाळिशीत येणारा मुसलमान रुग्णही तितकाच लपवतो. लपवणारा माणूस दुसऱ्या डॉक्टरचे मत घेत नाही, तक्रार करत नाही, ग्राहक आयोगात जात नाही. या व्यवहारात बाजाराला इतके मोकळे रान मिळाले आहे ते यामुळेच. रुग्णाची लाज राखणे आपले काम आहे, आणि ती राखायची म्हणजे खोलीचे दार लावून, बसवून, मराठीत, सगळे सांगायचे : काय वापरणार, पिना किती आठवडे अंगावर राहणार, रात्री आपोआप ताठरता आली की दुखणार, सहा आठवडे संबंध नाही, मोटरसायकल आणि ट्रॅक्टर किती दिवस नाही. छापील इंग्रजी फॉर्मवर अंगठा किंवा सही घेतली म्हणजे संमती झाली, असे तुम्हीही मानत नसाल.

ओटीतल्या दोन गोष्टी बोलायलाच हव्यात, अप्रिय असल्या तरी. पहिली. एक दिवस आमच्या सिस्टरने वापरलेला स्टेपलर धुऊन हातात धरून विचारले, "सर, हा ईटीओला, गॅसने निर्जंतुक करायला, पाठवायचा का? प्रतिनिधी म्हणत होता, बाकीचे दोन-तीन वेळा चालवतात." त्यांनी विचारले म्हणून कळले. एकदाच वापरायचे साधन, ज्यात रक्त आणि ऊतींचे कण खोबणीत अडकून राहतात, ते दुसऱ्या माणसाच्या त्या जागी लावायचे? जिथे असे चालते तिथे ते बंद झाले पाहिजे, आजच. दुसरी गोष्ट कॉटरीची, म्हणजे विजेच्या प्रवाहाने रक्त थांबवायच्या साधनाची. पिनांच्या रांगेतून रक्त झिरपायला लागले की हात आपसूक मोनोपोलरकडे जातो, ज्यात प्रवाह रुग्णाच्या अंगातून फिरतो. धातूला प्रवाह लागला आणि लिंगाच्या बारीक मुळाशी तो एकवटला तर काय होते, हे ज्याने एकदा पाहिले तो विसरत नाही. बायपोलर वापरा, ज्यात प्रवाह चिमट्याच्या दोन टोकांतच राहतो; नसेल तर टाका घाला. टाका घालणे म्हणजे काही हार नव्हे.

आता मागणे.

विभागप्रमुखांना माझी विनंती आहे की या वर्षी एमएसच्या आणि एमसीएचच्या विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी हा विषय द्या. हाताने टाके घालून केलेली सुंता आणि स्टेपलर, चिठ्ठ्या काढून वाटलेले दोन गट, मधुमेही आणि बिगरमधुमेही वेगळे मोजलेले. दोन-तीन महाविद्यालये एकत्र आली तर रुग्ण कमी पडणार नाहीत, शासकीय रुग्णालयांत ते रोज येतात. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत आधी नोंद करा, म्हणजे निकाल आवडला नाही म्हणून कपाटात जाणार नाही. आणि कंपनीने फुकट दिलेल्या साधनांवर तिच्याच माणसांनी भरलेले फॉर्म नकोत. पाठपुरावा सहा आठवड्यांचा हवा. दुसऱ्या दिवशीचा 'पेशंट कम्फर्टेबल' हा शेरा काहीच सांगत नाही, कारण पिनांचा त्रास दुसऱ्या आठवड्यात सुरू होतो.

खासगीतल्या आपल्या सगळ्यांना विनंती आहे की स्टेपलरला स्टेपलर म्हणा. रुग्णांना भुलवणाऱ्या जाहिराती करू नयेत हे २००२ च्या आचारसंहितेत आपल्यासाठी लिहिलेले आहे. मध्ये एखादी कंपनी उभी करून तिच्या नावाने जाहिरात केली म्हणून आपली जबाबदारी टळत नाही. फाइलीवर सही आपली असते.

साधनामुळे इजा झाली तर कळवा. त्यासाठी २०१५ पासून देशात मटेरिओव्हिजिलन्सचा, म्हणजे वैद्यकीय साधनांमुळे झालेल्या इजा नोंदवण्याचा, कार्यक्रम चालू आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून तो चालवला जातो. त्याचा फॉर्म भरायला दहा मिनिटे लागतात. मीही तो पूर्वी कधी भरला नव्हता. त्या सोमवारच्या गृहस्थांसाठी पहिल्यांदा भरला. आपण भरला नाही तर आफ्रिकेत धनुर्वात जसा दिसला तसा आपल्याकडे काहीच दिसणार नाही, आणि प्रतिनिधी खुशाल सांगत राहील की तक्रार एकही नाही.

मी माझ्यापुरती सुरुवात केली आहे. ओटीतल्या टेबलावर एक दोनशे पानी वही ठेवली आहे. रकाने असे : वय, मधुमेह आहे का आणि कोणत्या गोळ्या, त्या दिवशीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी, कातडी मागे किती सरकते, डाग किंवा गाठ, आधी औषध देऊन पाहिले का, कोणती पद्धत, एकूण खर्च, कातडी पॅथॉलॉजीला गेली का आणि रिपोर्ट काय. त्यापुढे तिसरा, सातवा, चौदावा आणि बेचाळिसावा दिवस : दुखणे, रक्त, सूज, पिना पडल्या की काढाव्या लागल्या, जखम भरली का. जो येत नाही त्याला सिस्टर फोन करतात, आणि 'दवाखान्यातून बोलतेय' एवढेच म्हणतात, कारण फोन घरातले कुणीही उचलू शकते. शेवटच्या रकान्यात रुग्णाचे एक वाक्य, त्याच्याच शब्दांत. त्या गृहस्थांचे वाक्य मी पहिल्या ओळीत लिहिले आहे, जरी त्यांची शस्त्रक्रिया माझ्याकडे झाली नव्हती.

ज्यांना वहीचा नमुना हवा त्यांनी मागवावा, झेरॉक्स पाठवतो. रकाने चुकले किंवा कमी पडले असतील तर दुरुस्त करून परत पाठवा, म्हणजे दिवाळीनंतर सगळ्यांच्या वह्या एकच भाषा बोलतील.

आपला,
तुमच्यातलाच एक जनरल सर्जन